लळा लावून निघताना

काठमांडूतल्या एका बालगृहात मी शिकवायला गेले, तेव्हा सात वर्षांच्या एका मुलीची इंग्रजीची वही माझ्या हातात आली. पहिल्या चार पानांवर ए ते झेड, सोबत सफरचंदाचं आणि चेंडूचं चित्र. पुढे रंगांची नावं, मग 'माय नेम इज'. मग एक पान कोरं, आणि पुन्हा ए ते झेड. आखून देणारं अक्षर वेगळं, सफरचंद तेच. पुन्हा रंग, पुन्हा 'माय नेम इज', पुन्हा कोरं पान. अर्ध्या वहीत मी चार वेगवेगळी हस्ताक्षरं मोजली. चार माणसं येऊन गेली होती. प्रत्येकाने पहिल्यापासून सुरुवात केली होती आणि प्रत्येकाची मुदत 'माय नेम इज'च्या आसपास संपली होती. मी पेशाने शिक्षिका. वही पाहून मूल कुठे अडलंय हे ओळखणं माझं रोजचं काम. तरी त्या दिवशी मी नवं पान उघडलं, वर तारीख घातली आणि ए काढून दिला.

ही गोष्ट 2012 सालची. बिनपगारी रजा आणि दिवाळीची सुट्टी जोडून मी सहा आठवडे नेपाळला गेले होते. ओळखीतल्या एकीने मध्यस्थ संस्थेचं नाव सांगितलं, मी फॉर्म भरला, शुल्क भरलं. माझी शाळेतली कागदपत्रं कुणी मागितली नाहीत, पोलिसांचा दाखला तर नाहीच. तेव्हा ते मला विश्वासाचं लक्षण वाटलं. आज वाटतं, ज्या दारातून मला न विचारता आत घेतलं, त्या दारातून दुसराही कुणी न विचारता आत गेला असेल. मुलांपर्यंत पोचण्यासाठीच अशी दारं शोधणारी माणसं जगात आहेत.

मी पोचले त्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत त्या मुलीने माझा हात धरला. अर्ध्या तासात ती माझ्या मांडीवर होती. रात्री मी घरी फोन करून सांगितलं, मुलांनी पहिल्याच दिवशी आपलंसं केलं. ते सांगताना माझा गळा दाटून आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "दिदी, कहिले जाने?" कधी जाणार? मी आले कुठून, माझं नाव काय, यातलं काही तिने विचारलं नव्हतं.

मराठीत लळा लागतो आणि लळा लावताही येतो. लागण्याला कुणाचा इलाज नसतो, लावणाऱ्यावर मात्र जबाबदारी येते. घरी पाहुणी आलेली मावशी तान्ह्याला सारखी कडेवर घेऊन फिरू लागली की आजी म्हणायची, फार सवय लावू नकोस गं, तू जाशील आणि आम्हाला निस्तरावं लागेल. तेव्हा निस्तरायला निदान आई होती, आजी होती. चौदा मुलांच्या खोलीत झोपणाऱ्या मुलाचं कोण निस्तरणार? आजीला जे कळत होतं ते आम्ही शिकलेल्या बायका विसरलो. आणि विसरलो ते प्रेमाच्या नावाखाली, म्हणून ही चूक पकडायला इतकी अवघड.

आजीच्या बोलण्याला अभ्यासाचाही आधार आहे. बार्बरा टिझर्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1970च्या दशकात लंडनच्या निवासी शिशुगृहांतल्या मुलांचा अभ्यास केला. ही शिशुगृहं गरीब नव्हती. खेळणी होती, पुस्तकं होती, सांभाळणाऱ्या बायका शिकलेल्या आणि मायाळू होत्या. पण त्या बदलत राहायच्या. दोन वर्षांचं होईपर्यंत एकेका मुलाला किमान आठवडाभर सांभाळलेल्या बायकांची संख्या सरासरी 24 होती आणि साडेचार वर्षांपर्यंत ती पन्नासच्या घरात गेली होती. मुलं बोलायला शिकली, हुशारीत मागे पडली नाहीत. मात्र त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा खोल जीव कुणावरच जडला नव्हता, आणि कितीतरी मुलं अनोळखी माणसाला लगेच बिलगत होती. घरात वाढणारं दोन वर्षांचं मूल परक्या माणसाला पाहून आईच्या पदराआड लपतं. ते लपणं निरोगी आहे. माझ्या मांडीवर अर्ध्या तासात येऊन बसलेली ती मुलगी मला स्वीकारत नव्हती. येणाऱ्या प्रत्येकाशी कसं वागायचं हे ती शिकली होती, आणि तिला ते शिकवणाऱ्यांत पाचवी मी होते.

माझ्या सहा आठवड्यांच्या मध्यावर दसैं आला, आपला दसरा. नेपाळात हा सण पंधरा दिवसांचा. शाळा बंद, कचेऱ्या बंद, बसच्या टपांवरसुद्धा माणसं, सगळा देश आपापल्या गावी निघालेला. आमच्या बालगृहातलीही काही मुलं चार दिवस दिसली नाहीत. मला वाटलं, कुणा देणगीदाराकडे गेली असतील. ती मुलगीही त्यांत होती. परत आली तेव्हा तिच्या कपाळभर तांदूळ, दही आणि लाल रंगाचा टीका वाळून बसला होता आणि कानामागे जमरा खोवलेला होता. जमरा म्हणजे घटात उगवलेले जवाचे पिवळट कोंब. आमच्याकडेही दसऱ्याला घटातलं धान पुरुषांच्या टोपीत, मुलांच्या कानावर खोवतात, त्यामुळे तो पाहून मला एकदम घरचं वाटलं. मी तिला जवळ घेऊन विचारलं, हे कोणी लावलं? तिने एकच शब्द उच्चारला, "आमाले." आईने.

बालगृहाच्या पाटीवर नेपाळी आणि इंग्रजी दोन्हींत अनाथ असा शब्द होता. मी घरच्या सगळ्यांना अनाथ मुलं म्हणूनच सांगत होते. तिची आई काठमांडूपासून दिवसभराच्या बसप्रवासावर राहत होती आणि दसैंला लेकीच्या कपाळी टीका लावत होती.

मग मी वाचू लागले, विचारू लागले. जे कळलं ते माझ्या त्या एका घरापुरतं नव्हतं. नेपाळात 1996 ते 2006 अशी दहा वर्षं माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यात युद्ध चाललं. हुम्लासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांत बंडखोर घरटी एक मूल मागत. आपलं मूल बंदुकीच्या हाती जाऊ नये म्हणून आईबाप कुणाच्याही हाती द्यायला तयार झाले. हुम्लाचं मुख्य ठिकाण सिमिकोट. तेव्हा तिथे पोचायचं तर विमान, नाहीतर कित्येक दिवसांची पायपीट. दलाल यायचे, काठमांडूत चांगली शाळा देतो म्हणायचे. त्यासाठी घरच्यांनी जमीन गहाण टाकली, जनावरं विकली आणि दलालाला पैसे मोजले. मूल शहरात पोचलं की कागदोपत्री आईबाप मेलेले दाखवले जायचे. आई जिवंत असताना कागदावर अनाथ केलेल्या मुलाला आता जगभर 'कागदी अनाथ' असंच म्हणतात.

युद्ध संपलं, वाट मात्र वाहती राहिली, कारण तिच्या दुसऱ्या टोकाला आम्ही होतो. नेपाळच्या तेव्हाच्या 75 जिल्ह्यांपैकी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा ज्यात येतं तो कास्की आणि चितवन, एवढ्या पाचच जिल्ह्यांत देशातली सुमारे 90 टक्के बालगृहं होती. गरिबी काही या पाच जिल्ह्यांत एकवटलेली नाही. एकवटले आहेत ते पर्यटक. कंबोडियातही हेच घडलं. अंकोरची देवळं पाहायला येणाऱ्यांची गर्दी वाढत गेली आणि 2005 ते 2010 या पाच वर्षांत तिथली अनाथालयं 154 वरून 269 झाली. आतल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते. देशात शांतता असताना, उत्पन्न वाढत असताना अनाथ वाढले, याचा दुसरा अर्थ मला लावता येत नाही. मुलं आहेत म्हणून पाहुणे येतात, इथपर्यंत ठीक. पाहुणे येतात म्हणून मुलं आणायची, इथे सेवा संपते आणि धंदा सुरू होतो. त्या धंद्यात मुलं फार खुशाल दिसूनही चालत नाही. फाटका स्वेटर, उघडे पाय यांनाच देणगी येते.

ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने 2017 साली आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली. डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतलं पर्यटन आणि तिथली स्वयंसेवा यांतून होणारी हानी नोंदवली. नेपाळने 2018च्या बालकविषयक कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय ठरवला. 2015च्या भूकंपानंतर मुलांची पळवापळव होईल हे ओळखून तिथल्या सरकारने नवी बालगृहं नोंदवणं थांबवलं, पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली. सरकारांना हे कळलं आहे. प्रश्न आपल्यासारख्या चांगल्या मनाच्या माणसांचा आहे, आणि मी हा लेख त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

कारण चांगल्या मनाच्या माणसाकडे एक बिनतोड वाटणारा मुद्दा असतो. मूल गावात उपाशी राहण्यापेक्षा इथे दोन वेळा जेवतं, शाळेत जातं, मग काय वाईट? हा मुद्दा मी मनातल्या मनात वर्षभर घोळवला. त्याचं उत्तर मला रुमानियात मिळालं. चाउशेस्कूच्या राजवटीत गर्भपात आणि संततिनियमनावर बंदी होती. 1989 मध्ये ती राजवट पडली तेव्हा एक लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांत होती. पुढे 2000 साली तीन अमेरिकी शास्त्रज्ञांनी बुखारेस्टमध्ये एक अभ्यास सुरू केला. संस्थांतली 136 लहान मुलं, सहा महिने ते अडीच वर्षांची. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची निवड करून निम्मी मुलं पालक कुटुंबांत ठेवली, निम्मी होती त्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीच्या चाचण्यांत पुढे गेली, त्यांच्या मेंदूच्या विद्युत आलेखात फरक दिसला, त्यांचा जीव माणसांवर जडू लागला. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वांत जास्त लाभ झाला. संस्थेतल्या मुलांनाही जेवण होतं, कपडे होते, डोक्यावर छप्पर होतं. मुलाला रोज तोच चेहरा लागतो. ती गरज जेवणानंतरची नाही, जेवणाच्या बरोबरीची आहे.

शिवाय 'गावात उपाशी' हे आपण गृहीत धरतो. त्या मुलीची आई तिला खायला घालू शकत नव्हती, असं मला कुणी सांगितलं नाही. बालगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंकडून कळलं ते एवढंच, की गावातली शाळा पाचवीपर्यंत होती आणि आईला मुलगी शिकायला हवी होती. म्हणजे प्रश्न शाळेचा होता. शाळेच्या प्रश्नाला आम्ही अनाथालय हे उत्तर दिलं. एका डोंगरी गावात वरचे वर्ग उघडायला जो पैसा लागेल, तो परदेशी पाहुण्यांच्या शुल्कातून येऊन काठमांडूत खर्च होत होता, आणि त्यासाठी आईला आपली लेक वर्षातून चार दिवस पाहायला मिळत होती.

हे फक्त परदेशातलं दुखणं नाही, म्हणून मला ते जास्त लागतं. आपल्याकडे मुलाचा वाढदिवस अनाथाश्रमात करायची पद्धत रुळली आहे. केक येतो, आश्रमातली मुलं ओळीने बसून परक्या मुलासाठी टाळ्या वाजवतात, आपण जेवण वाढतो, फोटो काढतो. वडिलांचं वर्षश्राद्ध, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, सगळ्याला तीच जागा. अन्नदान मोठंच आहे, ते थांबावं असं मी म्हणत नाही. पण शिधा पोचवून, पैसे भरून, मुलांना समोर न बसवता ते होतं की. आपल्याच देशात बाल न्याय कायद्याचं 74 वं कलम सांगतं की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायची नाही. तरी आपण फोटो टाकतो. आपल्या लेकराचा शाळेतला फोटो कुणी न विचारता टाकला तर आपण मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहू.

आणि याच महाराष्ट्रात एक चांगली वाटही आहे, जिची चर्चा फारच थोडी होते. बालसंगोपन योजनेत, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे, आईवडील गमावलेल्या किंवा संकटात सापडलेल्या घरातल्या मुलासाठी दरमहा 2250 रुपये मिळतात आणि मूल आजीकडे, काकाकडे, एकट्या आईकडेच राहतं. रक्कम तुटपुंजी आहे, अर्जाला हेलपाटे पडतात, पैसे उशिरा येतात. पण तिची दिशा बरोबर आहे. मूल हलत नाही, पैसा हलतो.

आता तरुणांविषयी. पूर्वी बालगृहांत शिकवायला जाणारी माझ्यासारखी हौशी माणसं असत. आता अकरावी-बारावीची मुलं जातात, कारण परदेशी विद्यापीठाच्या अर्जात समाजसेवेचा रकाना असतो. अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मराठी मुलांवर तर हा दबाव नववीपासून असतो. आईवडील रजा टाकून त्यांना कुठेतरी पोचवतात, मूल दोन आठवडे शिकवतं आणि परत येऊन निबंध लिहितं. त्या निबंधातला जिव्हाळा मला खोटा वाटत नाही. माझाही खोटा नव्हता. माझी एक माजी विद्यार्थिनी गेल्या वर्षी शिफारसपत्र मागायला आली. तिलाही नेपाळला जायचं होतं, एका बालगृहात, चार आठवडे. ती म्हणाली, "मॅडम, त्या मुलांचं काही झालं नाही तरी मी तर बदलेन ना?"

यावर मी दोन दिवस विचार केला. मी स्वतः बदलले होते, हे खरं आहे. त्या सहा आठवड्यांनी माझं शिकवणं बदललं, वाचन बदललं, हा लेखही त्यातूनच आला. पण माझ्या शहाणपणाची फी त्या सात वर्षांच्या मुलीने भरली. मी निघाले त्या दिवशी मुलांनी पाहुण्यांना निरोप देण्याचं ठरलेलं गाणं म्हटलं. ती रडली नाही. रिक्षात बॅग ठेवताना ती जवळ आली आणि तिने विचारलं, "अब को आउँछ?" आता कोण येणार? आपल्या वाढण्यासाठी दुसऱ्याचं मूल वापरायचं नाही. विद्यार्थिनीला मी हे याच शब्दांत सांगितलं.

मग करायचं काय, हा तिचा पुढचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. ज्यांना खरंच कुणी नाही अशी मुलं आहेत, ज्यांच्या घरातच त्यांना धोका आहे अशीही आहेत. त्यांच्यासाठी काही घरं लागणारच. तिथे बाहेरच्या माणसाला जागा असते, पण ती मुलाच्या मांडीजवळ नसते. मला स्वयंपाक करणाऱ्या त्या बाई आठवतात. पहाटे साडेचारला उठून चूल पेटवायच्या, भात-डाळ टाकायच्या, चौदा मुलांच्या वेण्या-शेंड्या, डबे, ताप, भांडणं, रात्री अंथरूण ओलं करणाऱ्याची चादर. त्या तिथे नऊ वर्षं होत्या. रात्री दचकून उठलेली मुलं त्यांच्याच कुशीत शिरत, आम्हा पाहुण्यांपैकी कुणाच्या नव्हे. आमच्या सहा आठवड्यांच्या फोटोंत त्या कुठेही नाहीत, कारण फोटो काढला जायचा तेव्हा त्या चुलीपाशी असायच्या. एकदा त्यांनी आपला पगार सांगितला. मी भरलेल्या शुल्कात त्यांना आठ महिन्यांचा पगार देता आला असता. त्यांना मुलांच्या तापाचं औषध किती द्यायचं हे नीट कुणी शिकवलं नव्हतं, रडणाऱ्या किशोरवयीन मुलीशी काय बोलायचं यावर कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. तिथे एखाद्या परिचारिकेने, समुपदेशकाने येऊन पंधरा दिवस त्या बाईंना शिकवलं असतं, तर ती गेल्यानंतरही शिकवलेलं तिथेच राहिलं असतं. मी माझे सहा आठवडे गावातल्या शाळेच्या मास्तरांबरोबर घालवले असते, तर ए ते झेड पाचव्यांदा लिहिलं गेलं नसतं.

विद्यार्थिनीला मी शिफारसपत्र दिलं नाही. त्याऐवजी आम्ही दोघींनी बसून त्या बालगृहाला एक पत्र लिहिलं. त्यात तीन गोष्टी विचारल्या. मुलांना सांभाळणाऱ्या बायका किती वर्षं तिथे आहेत आणि त्यांचा पगार कशातून निघतो? स्वयंसेवकांची पडताळणी कोण करतं? दसैंला किती मुलं घरी जातात, आणि गेलेली मुलं परत का येतात?

पहिल्या दोन प्रश्नांना मोघम उत्तरं आली. तिसऱ्याला मात्र कुणीतरी मनापासून उत्तर दिलं होतं. बावीसपैकी सतरा मुलं घरी जातात. परत येतात कारण गावात पाचवीच्या पुढे शाळा नाही, आणि त्यांतली नऊ मुलं एकाच गावची आहेत. विद्यार्थिनीने चार आठवड्यांचं बुकिंग रद्द केलं. आता तिने त्या गावाचं नाव विचारून पाठवलं आहे.